‘सही असलेलं’ कार्ड आणि ‘सही केलेलं’ कार्ड

साडेसहा हजारांचं एक बिल माझ्या कपाटात अजून आहे. त्यावर निळ्या बॉलपेनने लिहिलंय, ‘क्रिकेट कार्ड, सहीचे, १ नग’. तारीख नाही. दुकानाचा शिक्का आहे, तोही अर्धाच उमटलेला.

नाशिकातल्या एका सहकारी बँकेत मी ३१ वर्षं काढली, त्यातली निम्म्याहून जास्त क्लिअरिंगला. चेकवरची सही आणि आमच्याकडची नमुना सही ताडून बघायची. जुळली तर चेक पुढे, नाही तर ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून परत. मेन रोडवरच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांचे चेक मी असे परत केलेत, एकदा तर सख्ख्या दिराचा. दिवाळीपर्यंत अबोला होता. आणि अशी मी, निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी एका प्रदर्शनात, ट्यूबलाइटच्या उजेडात, दहा मिनिटांत राहुल द्रविडच्या सहीचं कार्ड म्हणून साडेसहा हजार मोजून मोकळी झाले.

रात्री जेवणं आटोपल्यावर टेबललॅम्प लावून बसले. मार्करची खरी सही कार्डाच्या पृष्ठभागावर बसलेली असते. कार्ड दिव्याखाली तिरकं केलं की तिची चमक कार्डाच्या चमकेपेक्षा वेगळी दिसते. माझ्या कार्डावर तसं काहीच होईना. द्रविडचा चेहरा, मागचं गवत, सही, सगळ्यावरून उजेडाची एकच पट्टी न अडखळता सरकत गेली. मग भिंग काढलं. सहीच्या निळ्या रेघेच्या जागी निळे आणि गुलाबी ठिपके दिसले, वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोत दिसतात तसे. सही छापलेली होती.

दुसऱ्या दिवशी फोन केला. पलीकडचा माणूस जराही गडबडला नाही. म्हणाला, “मॅडम, मी सही असलेलं कार्ड म्हटलं होतं. सही केलेलं कुठे म्हटलं?”

व्याकरण त्याचं बिनचूक होतं. बिलातही ‘सहीचे’ एवढंच. छापील सही असलेली कार्डं कंपन्या उघडपणे काढतात, त्यात त्यांची काही लबाडी नाही. लबाडी विकणाऱ्याच्या ओठावर होती आणि ती मी कागदावर उतरवून घेतली नव्हती. बँकेत तोंडी सांगितलेलं मी कधी धरलं नाही, आणि इथे धरलं.

आता माझा भाचा आणि त्याचे मित्र कार्डांच्या नादी लागलेत. क्रिकेट आहे, फुटबॉल आहे, अमेरिकन बास्केटबॉलसुद्धा. आम्ही लहानपणी च्युइंगमबरोबरच्या क्रिकेटपटूंच्या चित्रांवरचे रन मोजायचो, ही मुलं पंधरा-पंधरा हजारांचे व्यवहार फोनवर करतात. घेण्याआधी ‘मावशी, जरा बघ ना’ म्हणून येतात. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी पाठ बघा

सहीच्या कार्डांचे ढोबळ दोन वर्ग. पहिला, कंपनीनेच खेळाडूकडून सही करून घेतली आणि कार्ड विक्रीच्या सीलबंद पॅकमध्ये घातलं. टॉप्स, पॅनिनी, अपर डेक या कंपन्या अशी कार्डं काढतात. दुसरा, कोणीतरी साधं कार्ड घेऊन मैदानाबाहेर, हॉटेलात नाही तर विमानतळावर खेळाडूपुढे धरलं आणि सही घेतली. पहिल्या वर्गात सहीमागे कंपनी उभी असते. दुसऱ्यात ‘मी स्वतः घेतली’ म्हणणारा माणूस उभा असतो, आणि कार्डाने दोनदा हात बदलले की तोही नसतो.

आमच्या बँकेत सराफ बाजारातले नाण्यांचे एक जुने व्यापारी यायचे. ते सांगायचे, नाणं पारखायचं तर राजाचं तोंड नंतर बघा, आधी काठ बघा. नकली करणारा काठापर्यंत येईस्तोवर कंटाळलेला असतो. कार्डाचा काठ म्हणजे त्याची पाठ. कंपनीने सही करून घेतलेल्या कार्डामागे बहुधा छापलेलंच असतं की पुढची सही खरी असल्याची हमी कंपनी देते. त्याच मालिकेत तोच खेळाडू, जवळपास तेच चित्र असलेलं बिनसहीचं कार्डही असतं आणि ते कितीतरी स्वस्त मिळतं. त्यावर मार्कर फिरवायचा आणि ‘पॅकमधून निघालंय’ म्हणायचं, ही सगळ्यात सोपी लबाडी. पाठीवर ती लगेच उघडी पडते, कारण मजकूर वेगळा असतो आणि बहुतेकदा कार्ड क्रमांकही. त्या मालिकेची पूर्ण यादी नेटवर मिळते. तिच्यात त्या खेळाडूचं सहीचं कार्ड मुळात आहे का, आणि असलं तर क्रमांक काय, हे पैसे काढण्याआधी बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

पॅकमधल्या सह्यांतही पोटभेद आहेत. काही कार्डांवर खेळाडूने थेट सही केलेली असते. काहींवर पारदर्शक स्टिकर असतो. कंपनी खेळाडूकडे स्टिकरचे कागद पाठवते, तो एका बैठकीत शेकडो सह्या करतो आणि कंपनी ते स्टिकर कार्डांवर चिकटवते. स्टिकर दिसला की मुलं ‘नकली, नकली’ ओरडतात. तसं नाही. भाव थेट सहीला जास्त मिळतो, एवढंच. तिसरा प्रकार कापलेल्या सहीचा. जुन्या पत्रावरची, चेकवरची सही कापून कंपनी ती कार्डाच्या खिडकीत बसवते. त्यामुळे कार्ड खेळाडूच्या मृत्यूनंतर छापलेलं असूनही सही खरी असू शकते. पण सही थेट कार्डावर असेल तर हिशेब सरळ आहे. शेन वॉर्न ४ मार्च २०२२ रोजी गेला. त्यानंतर छापलेल्या कार्डावर थेट त्याची सही कोणी दाखवली, तर भिंग काढायचीही गरज नाही.

कंपनीची हमी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही सांगते. २०१७ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या एका नामवंत खेळाडूच्या पॅनिनीच्या कार्डांवरच्या सह्या यंत्राने केल्यासारख्या दिसतात, असं बेकेट या तपासणी संस्थेच्या लोकांनी म्हटलं आणि बराच गदारोळ झाला. पण तिथे भांडायला एक कंपनी तरी होती. हॉटेलच्या लॉबीत घेतलेल्या सहीसाठी तुम्ही कोणाशी भांडणार?

सही ‘ठोकलेली’ की ‘काढलेली’

हा माझा प्रांत आहे, तेव्हा थोडं रेंगाळणार.

मराठीत आपण म्हणतो, साहेबांनी सही ठोकली. रोज सही करणाऱ्याचं अगदी तसंच असतं. पेन टेकायच्या आधीच हात चालू झालेला असतो आणि सही संपली तरी हात थांबलेला नसतो. म्हणून खऱ्या सहीची रेघ सुरुवातीला आणि शेवटी निमुळती होत जाते, मधे वेगाने पातळ होते, वळणावर जराशी जाड. नक्कल करणारा सही ठोकत नाही, तो ती काढतो, रांगोळी काढावी तशी. त्याची रेघ सगळीकडे एकाच जाडीची असते, टोकं बोथट, आणि भिंगातून पाहिलं तर तिच्यात बारीक थरथर दिसते. जिथे कोणी पेन उचलणार नाही तिथे त्याने उचललेलं असतं, कारण नमुन्याकडे पाहायला त्याला थांबावं लागतं. मार्कर थांबला की शाई तिथे गोळा होते. नको त्या जागी असे शाईचे थेंब दिसले तर तिथे नक्कल करणारा मान वर करून नमुना बघत होता असं समजा.

आता एक चेक सांगते. १९९८च्या सुमाराची गोष्ट. एका म्हाताऱ्या खातेदाराचा बेचाळीस हजारांचा चेक आला. सही नमुन्याशी तंतोतंत. माझी जोडीदार म्हणाली, पास कर. माझा हात अडला. गृहस्थांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे, महिन्याला दोन-तीन चेक यायचे, आणि प्रत्येक चेकवर त्यांचा शेवटचा फराटा वेगळ्या दिशेला जायचा. त्या दिवशी तो नमुना सहीच्या फराट्यावर जसाच्या तसा बसत होता. मी चेक उजेडाकडे धरला, मागून बोट फिरवलं. सहीच्या रेघेखाली दाबाचा उंचवटा लागला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. घरातल्याच कोणीतरी नमुन्याचीच सही असलेला जुना कागद खिडकीच्या काचेवर ठेवून ती गिरवली होती. जुळत नव्हती म्हणून नाही, फारच जुळत होती म्हणून पकडली.

कार्डांनाही हेच लागू. माणूस एकसारखी सही दोनदा करत नाही. यंत्र करतं. ऑटोपेन नावाचं यंत्र खरं पेन धरून साच्याबरहुकूम सही करतं. शाई खरी, रेघ खरी, फक्त हात कोणाचाच नाही. डीलरकडे एकाच खेळाडूची चार कार्डं असतील तर चारही फोटो मागा आणि फोनवर एकावर एक ठेवून बघा. सह्या एकमेकींवर बसल्या तर चारही परत. उलट सगळ्या एकाच मार्करने, एकाच कोनात, कार्डाच्या एकाच रिकाम्या जागेत नीट मांडून केलेल्या दिसल्या तरी मी बिचकते. कुंपणापलीकडे हात काढून घेतलेली सही अशी शहाण्यासारखी बसत नाही, ती चेहऱ्यावर जाते, बॅटवर जाते, अर्धी कार्डाबाहेर जाते.

ताडण्यासाठी नमुना कुठून घ्यायचा? नेटवर नाव टाकून पहिला जो फोटो येईल तो नको, तोच कशावरून खरा? कंपनीने पॅकमध्ये घातलेल्या सहीच्या कार्डांचे फोटो घ्या, आणि त्याच काळातले घ्या. सही माणसाबरोबर बदलते. पहिल्या रणजीच्या वेळी पोरगा आईवडिलांनी ठेवलेलं अख्खं नाव लिहितो, पाच वर्षांनी दोन वेलांट्या आणि एक फराटा उरतो. २००५ची म्हणून दाखवलेली सही २०२०च्या वळणाची असेल तर विचारायला हवं. आणि हो, घाईतली सही गचाळ असते म्हणून ती खोटी ठरत नाही. माझ्या अनुभवात खोट्या सह्या जरा जास्तच देखण्या असतात.

शाईचं वयही बघायचं. शार्पी मार्कर १९६४ साली बाजारात आला. बॉलपेन लोकांच्या हातात आलं ते १९४०च्या दशकात. रणजितसिंहजी १९३३ साली गेले, म्हणजे त्यांची बॉलपेनने केलेली सही ही कोणाच्या तरी कल्पनाशक्तीची कमाल. चेकवरची अदृश्य शाई बघायला वापरतो तसला छोटा जांभळा दिवा घरी असेल तर जुन्या कागदावर मारून बघा. १९५०च्या आसपासपासून कागदात उजळपणा आणणारी रसायनं येऊ लागली आणि असा कागद त्या दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो. १९३०चा म्हणून दाखवलेला फोटो ट्यूबलाइटसारखा पेटला तर तो परत पाकिटात घाला.

हत्यारं फार लागत नाहीत. दहापट भिंग सराफी सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. माझं मात्र नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी दिलेलं आहे. ठिपके ओळखायलाही त्यांनीच शिकवलं, आणि एक बारकावा सांगितला जो मुलांना माहीत नसतो: सही एकाच शाईत सलग छापली तर ठिपके दिसतीलच असं नाही. म्हणून नुसत्या भिंगावर न थांबता कार्ड तिरकं करून चमकही बघायची. रबरी शिक्क्याची सही असेल तर शाई रेघेच्या कडांना दाटलेली आणि मधे फिकी दिसते. प्रदर्शनात जाल तर खिशात टॉर्च ठेवा. माझे साडेसहा हजार टॉर्चअभावी गेले.

डीलरपुढे बसल्यावर

पहिला प्रश्न, हे तुमच्याकडे कुठून आलं? उत्तरात नाव, साल आणि कागद असेल तर पुढे बोला. ‘आमचे काका हॉटेलात मॅनेजर होते’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की देशातल्या निम्म्या हॉटेलांचे मॅनेजर कार्डवाल्यांचेच काका असावेत. गोष्ट खरीही असेल. पण ती गोष्ट तुम्ही उद्या कार्ड विकताना पुढच्याला देऊ शकत नाही, म्हणून तिचे पैसेही द्यायचे नाहीत.

दुसरा प्रश्न मी मुद्दाम विचारते: या सहीबद्दल तुम्हाला शंका वाटावी असं काही आहे का? चांगला डीलर इथे थांबतो. कॉलेज रोडवर एका छोट्या गाळ्यात कार्डं विकणारा एक मुलगा आहे. त्याने एकदा कार्ड हातात घेऊन सांगितलं, “काकू, फुटबॉलचं विचारा, सांगतो. ही जुनी क्रिकेटची सही मला कळत नाही, मी एका लॉटमध्ये घेतली होती. खरी म्हणून विकणार नाही.” ते कार्ड मी घेतलं नाही, पण त्याचं दुकान लक्षात ठेवलं. ज्याच्याकडे सचिन, धोनी, कोहली, मेस्सी सगळेच कायम सहीसकट हजर असतात आणि कशाबद्दलच शंका नसते, त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही.

मग येतं प्रमाणपत्र. जाड कागद, सोनेरी किनार, चमचमता होलोग्राम. मुलं इथे विरघळतात. प्रमाणपत्र देणारा कोण, एवढंच बघायचं. डीलरने स्वतःच छापलेलं असेल तर तो फक्त ‘मी खरं बोलतो’ असं जाड कागदावर म्हणतोय. होलोग्राम रोलवर छापून मिळतात. अमेरिकेत १९९०च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवून खोट्या सह्यांचा मोठा कारखाना पकडला, तिथेही खोट्या सह्यांबरोबर खोटी प्रमाणपत्रं होती. जप्त मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा निघाले. कोणीतरी प्रमाणपत्र पाहूनच ते घेतले असते.

तिसऱ्या, तटस्थ संस्थेची तपासणी ही वेगळी गोष्ट. पीएसए, जेएसए, बेकेट ही यातली चालणारी नावं. कार्ड कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून, वर क्रमांकाची पट्टी लावून येतं, मुलं त्याला स्लॅब म्हणतात. इथेही तीन गोष्टी बघते. एक, पट्टीवर नेमकं काय लिहिलंय. नुसता कार्डाच्या स्थितीचा दर्जा आहे की सही तपासल्याचा स्वच्छ उल्लेख आहे? दहापैकी दहा हा आकडा बघून लोक सहीलाही दहा मिळाले असं समजतात, तो कोपऱ्यांना मिळालेला असू शकतो. दोन, क्रमांक आपल्या फोनवर, संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तपासायचा. पट्टीवरचा क्यूआर स्कॅन करून नाही, आणि डीलरच्या फोनवर तर नाहीच. खोट्या पट्टीवरचा क्यूआर खोट्या पानावर नेऊ शकतो. तीन, क्रमांक खरा निघाला तरी समोरची वस्तू तीच आहे का? खोट्या डबीवर खऱ्या कार्डाचा क्रमांक छापणं अवघड नाही. संस्थेच्या पानावर फोटो असेल तर सहीचा फराटा कार्डाच्या कुठल्या अक्षराला छेदतो, मोजक्याच प्रती काढून क्रमांक घातलेलं कार्ड असेल तर ९९ पैकी कितवं आहे, हे ताडून बघा. जुन्या क्रमांकांना फोटो नसतो, तिथे जास्त सावध. डबीच्या कडेला पांढुरके चरे किंवा फुगलेला जोड दिसला तर ती कधीतरी उघडलेली असू शकते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, या संस्था मत देतात. त्याला बाजारात मान आहे, पण सही करताना त्यातलं कोणी समोर नव्हतं. आणि दोन हजारांचं कार्ड परदेशी तपासणीला पाठवू नका. फी, कुरिअर आणि येताना कस्टमची कटकट धरली तर कार्डापेक्षा तपासणी महाग पडेल. अशा किमतीला पॅकमधल्या सहीचं कार्डच घ्या, नाही तर स्वतः सही मिळवा.

स्वतः मिळवणं हे तर मी कधीही पहिलं सांगेन. गोल्फ क्लबवर, म्हणजे आपल्या अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने होतात. सत्यजित बच्छाव, रामकृष्ण घोष ही नाशिकची पोरं महाराष्ट्राकडून रणजी खेळलेली आहेत. अशा सामन्याला सकाळी लवकर जा, सराव संपण्याची वाट बघा, विनंती करा. चकचकीत कार्डावर मार्करची शाई थेंब थेंब होऊन सरकते, म्हणून आधी चिमूटभर टाल्कम पावडर चोळून मऊ कापडाने पुसून घ्यायची. सही करतानाचा फोटो सोबत आलेल्याला काढायला सांगा आणि तारीख लिहून ठेवा. घरी आल्यावर मात्र ते कार्ड फ्रेम करून पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगू नका, नाशिकच्या उन्हात मार्कर उडायला फार वेळ लागत नाही.

ऑनलाइन घेताना एक जुनी युक्ती: कार्डाशेजारी त्या दिवशीची तारीख आणि तुमचं नाव हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून ताजा फोटो मागा, आणि कार्ड तिरकं करत दहा सेकंदांचा व्हिडिओ. ज्याच्याकडे कार्ड खरंच आहे त्याला याला पाच मिनिटं लागतात. ‘तिघे जण थांबलेत, आत्ता टोकन पाठवा’ असं उत्तर आलं तर त्या तिघांना घेऊ द्या. पार्सल आलं की टेप कापण्यापासून व्हिडिओ सुरू ठेवा.

कोणाची सही महत्त्वाची

खेळाडूची सही खरी आहे का, हे तुम्ही-मी शंभर टक्के कधीच सांगू शकणार नाही. डीलरची सही मात्र आपल्यासमोर होते. ती नीट घ्या. मी मुलांना बिलावर लिहून घ्यायला लावते तो मजकूर असा:

‘वरील कार्डावरील सही सदर खेळाडूने स्वतः हाताने केलेली आहे, या वर्णनावर मी हे कार्ड विकत आहे. अमुक तपासणी संस्थेने सही अमान्य केल्यास, खरेदीपासून सहा महिन्यांत कार्ड परत घेऊन पूर्ण रक्कम परत देईन.’

वरती कंपनी, मालिकेचं नाव आणि साल, कार्ड क्रमांक, मोजक्या प्रतींचं असेल तर कितवी प्रत, डबीचा क्रमांक. तपासणीचा आणि कुरिअरचा खर्च कोणाचा हेही तिथेच. संस्थेचं नाव आधीच ठरवा, नाही तर तो त्याच्या ओळखीच्या संस्थेचं नाव पुढे करेल. सहा महिने अशासाठी की परदेशात पाठवून परत यायला वेळ लागतो. ‘सात दिवसांत परत’ ही अट ऐकायला गोड आणि उपयोगाला शून्य. खाली तारीख, पूर्ण नाव, पत्ता, असेल तर जीएसटी क्रमांक, आणि सही. एवढं लिहायला जो तयार नाही, त्याला स्वतःच्या मालाबद्दल काय वाटतं ते त्याने सांगून टाकलं.

पैसे दुकानाच्या नावाच्या खात्यात. शक्य तर क्रेडिट कार्डाने, कारण तिथे बँकेकडे तक्रार नोंदवायची वाट असते. कोणाच्या तरी मेहुण्याच्या यूपीआयवर पाठवलेले पैसे परत आणणं म्हणजे गोदेच्या पुरात गेलेली चप्पल शोधणं. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही. परतावा देतो, पिन टाका, असं कोणी म्हटलं तर फोन ठेवा.

ऑनलाइन सरळ फसवणूक झाली तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन. माल वर्णनाप्रमाणे नाही आणि दुकानदार दाद देत नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी स्वतः गेले नाही, कारण दाखवायला माझ्याकडे काय होतं? ‘सहीचे, १ नग’.

मागच्या महिन्यात भाच्यासाठी त्याच कॉलेज रोडच्या गाळ्यात बसलो होतो. एका फुटबॉलपटूचं, पॅकमधून निघालेलं, ९९ पैकी ३४ क्रमांकाचं कार्ड, अकरा हजार. खेळाडूचं नाव लिहीत नाही, भाचा म्हणतो भाव वाढेल. डबीवरचा क्रमांक आमच्या फोनवर तपासला, संस्थेच्या पानावरच्या फोटोतही ३४ होतं, सहीचा फराटा दोन्हीकडे जर्सीच्या त्याच पट्टीवर संपत होता. मुलाने माझा मजकूर वाचला, हसला, म्हणाला, “काकू, बँकेतल्या का तुम्ही?” मग त्याने तो बिलावर उतरवला आणि सही केली. मी म्हटलं, बाळा, दुसऱ्या प्रतीवर पण कर. त्याने केली. दोन्ही प्रती शेजारी ठेवून मी चष्मा लावला. एकीत शेवटचा फराटा वर गेला होता, दुसरीत खाली. भाच्याला म्हटलं, दे पैसे.